चोवीस सेलमधला एक

विजेच्या गाडीची बॅटरी म्हातारी होते तेव्हा सगळी एकदम होत नाही. आधी एखादाच सेल बसतो आणि मग बाकीच्यांना घेऊन जातो. हा 'एखादा' नेमका कुठला, ते शोधायची विद्या आमच्या उस्मानाबादेत (२०२३ पासून सरकारदरबारीही धाराशिव) विजेच्या गाड्या यायच्या कितीतरी आधी पोचली होती. ती आली टेलिफोन एक्स्चेंजमधून.

माझे मामा टेलिफोन खात्यात होते. बॅटरी रूमच्या हकिकती त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की तिथला ऍसिडचा वास मलाही ओळखीचा वाटतो. दोन-दोन व्होल्टचे चोवीस मोठे सेल ओळीने मांडलेले, मिळून ४८ व्होल्ट. वीज गेली तरी गावाचे फोन चालायचे ते या चोवीस जणांच्या जिवावर. झाकण उघडायचं, हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीत ऍसिड ओढायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा. भूम-वाशीकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. डेअरीत दुधात लॅक्टोमीटर सोडतात, तत्त्व तेच. दूध पातळ असेल तर लॅक्टोमीटर खोल बुडतो, ऍसिड पातळ झालं की हायड्रोमीटरमधला तरंगता भाग खोल जातो. गाडीच्या बॅटरीत पूर्ण भरलेल्या सेलचं ऍसिड १.२८० च्या आसपास दाखवतं, पार रिकामा झालेला सेल १.१२० च्या जवळ.

शिशाची ही बॅटरी गॅस्टन प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली बनवली. गंमत म्हणजे आत नक्की काय होतं, हे समजायला पुढे वीसेक वर्षं गेली. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी सांगितलं की बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, ऍसिड खर्च होतं आणि पाणी तयार होतं. थोडक्यात, ऍसिड हाच सेलचा हिशेब ठेवणारा कारकून! तोवर पॅरिसमध्ये ट्रूव्हेने अशा बॅटरीवर तीनचाकी चालवूनही झाली होती (१८८१). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी रात्री गॅरेजमध्ये लावायची पद्धत होती. तिथली माणसं त्या चार्ज करायची, सेल तपासायची, पाणी टाकायची.

आपल्याकडे २००१ मध्ये बंगळूरची 'रेवा' आली. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, प्रत्येकीत तीन सेल. पुन्हा चोवीस. त्यांनाही पाणी लागायचं, म्हणजे झाकण होतं. आमच्याकडे मात्र रेवा नाही, २००६ नंतर विजेच्या स्कूटरी आल्या. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणून लायसन्स नको की नंबरप्लेट नको. निवृत्त माणसाला आणखी काय हवं? मामांनी २००८ मध्ये एक घेतली. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकीत सहा सेल. त्यांनी स्वतःच मोजून सांगितलं, "चोवीसच की रे! एक्स्चेंज घरी आलं." फरक एकच होता, या बॅटऱ्या सीलबंद होत्या. पाणी टाकायची कटकट नाही, अशी त्यांची जाहिरात. पण पाणी टाकता येत नाही तिथे हायड्रोमीटरही घालता येत नाही, हे जाहिरातीत कशाला असेल?

त्या काळातलं मराठवाड्यातलं लोडशेडिंग आठवतंय ना? स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावावी आणि मध्येच वीज जावी. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच वापरत राहिलं की प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि मग ते चार्जिंगनेही सुटत नाही. वर आमचा उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं तर शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दोन वर्षांत स्कूटर चढावर दम टाकायला लागली. मामींचे गुडघे तेव्हा गेले होते. बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं त्या स्कूटरवर. दुकानदार म्हणाला, चारही बदला. पेन्शनच्या मानाने तो आकडा मोठा होता.

मामांनी रात्री पूर्ण चार्जिंग केलं आणि सकाळी मीटर लावला. चारही बॅटऱ्या साडेबाराच्या वर. सगळ्या ठणठणीत! पण स्वस्थ पडलेली बॅटरी खोटं बोलते, हे त्यांना एक्स्चेंजमध्येच कळलं होतं. त्यांनी ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब आणला आणि एकेका बॅटरीला जोडून दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. तीन बॅटऱ्या हळूहळू उतरल्या. तिसऱ्या नंबरची काही मिनिटांतच साडेदहाच्या खाली गेली. सहा सेलमधला एक गेला की दोन व्होल्ट जातात, इतका साधा हिशेब. एका रांगेत जोडलेल्या सेलमध्ये सगळ्यात कमजोर असतो तो आधी रिकामा होतो. तरीही बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, इतका की तो उलटा चार्ज होऊ लागतो. चार्जरला तर फक्त एकूण बेरीज दिसते. मेलेल्याची तूट भरायला तो जिवंत सेलना जास्त पिळतो आणि ते आतून सुकतात. एकाचं दुखणं चोवीस जणांना लागतं ते असं.

तीन जुन्यांत एक कोरी करकरीत बॅटरी घालायला मामा तयार नव्हते. बॅटरीवाल्याकडे परत आलेल्या सेटांमधून त्यांनी त्याच वयाची एक निवडली, अर्थात बल्ब लावूनच! स्कूटर आणखी दीड वर्ष चालली.

आता लिथियम आलं. आतलं सर्किट सेलच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज सतत मोजत असतं, मामांच्या रजिस्टरापेक्षा कितीतरी बारकाईने. २०१० मध्ये आलेल्या निस्सान लीफमध्ये सेलच्या ९६ जोड्या होत्या. २०१२ मध्ये अमेरिकेत ऍरिझोनाच्या उन्हात त्या गाड्यांची क्षमता झपाट्याने घसरली तेव्हा मालक हैराण झाले होते. पुढे पुढे मालक छोटं यंत्र गाडीला जोडून या ९६ जोड्यांचे आकडे फोनवर स्वतःच वाचू लागले. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ पासून कडक झाले. ते व्हायलाच हवे होते, आणि लिथियमचा पॅक घरी उघडू नये हेही खरंच. पण मग सेलचे आकडे मालकाला का दाखवत नाहीत? माझ्या भाच्याच्या स्कूटरवर एकच टक्केवारी दिसते. चाळीसवरून एकदम शून्य. सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप लावून पाहिला आणि म्हणाले, पूर्ण पॅक बदला. कुठला गट गेला विचारलं, तर ते स्क्रीन आमच्याकडे वळवायलाही तयार नव्हते.