स्वरानंदवन

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचा हा वाद्यवृंद. डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून तो २००२ साली उभा राहिला. अंध, कर्णबधिर, अपंग आणि कुष्ठमुक्त अशा शंभराहून अधिक कलावंतांनी मराठी-हिंदी गीतांचे कार्यक्रम घेऊन महाराष्ट्रभर दौरे केले.

दौरा हा शब्द येथे साधा नाही. १८९८ च्या 'लेपर्स ॲक्ट'ने कुष्ठरुग्णांना सार्वजनिक विहिरीचे पाणी काढण्यास आणि रेल्वेखेरीज भाड्याच्या वाहनात बसण्यास मनाई करण्याचे अधिकार सरकारला दिले होते. केंद्रीय कायद्यांच्या यादीतून हा कायदा निघाला तो थेट २०१६ मध्ये. म्हणजे हे कलावंत गावोगावचे रंगमंच गाजवीत होते, तेव्हा तो कागदोपत्री जिवंतच होता!

बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये आनंदवन वसविताना भिक्षेऐवजी श्रमाला स्थान दिले. वाद्यवृंदही त्याच वाटेने गेला. तेव्हा श्रोत्याने येथे कणव घेऊन बसू नये. सूर चुकला तर चुकला म्हणावे.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो. बोटांची संवेदना जाते, ती आखडतात. औषधाने रोग बरा होतो, बोटे पूर्ववत होतातच असे नाही. अशा हातांना वाद्याशी नव्याने जुळवून घ्यावे लागते. कर्णबधिर नर्तकांची तऱ्हा आणखी निराळी. समोरून मिळणाऱ्या खुणांवर ते पावले टाकतात. गाणे संपल्याचेही त्यांना खुणेनेच कळते.