मज्जारज्जू दुखापत संशोधन व रुग्णांचे अग्रक्रम

मज्जारज्जूला इजा झाल्यास इजेच्या पातळीखालील हालचाल, संवेदना आणि मलमूत्रावरील नियंत्रण अंशतः किंवा पूर्णतः नष्ट होते. या क्षेत्रातील संशोधनाची उद्दिष्टे आणि रुग्णांच्या गरजा यांचा मेळ कितपत बसतो, हा पुनर्वसनशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

रुग्णांचे अग्रक्रम

प्रयोगशाळांतील संशोधनात दीर्घकाळ उंदरांच्या मागील पायांच्या हालचालीवर, म्हणजेच चालण्याच्या क्षमतेवर भर राहिला. अमेरिकेतील संशोधक किम अँडरसन यांना स्वतःला मज्जारज्जूची दुखापत झालेली आहे. त्यांनी २००४ साली ६८१ रुग्णांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. चारही अवयव बाधित असलेल्यांपैकी ४८.७ टक्के व्यक्तींनी हाताचे कार्य परत मिळण्यास पहिले स्थान दिले. केवळ पाय बाधित असलेल्यांमध्ये लैंगिक कार्याला (२६.७ टक्के) सर्वाधिक पसंती मिळाली. मूत्राशय व आतड्यांवरील नियंत्रण दोन्ही गटांना महत्त्वाचे वाटले. चालता येणे मात्र कोणत्याही गटात प्रथम क्रमांकावर नव्हते. हाताची पकड परत आल्यास जेवणे, लिहिणे व चाकाची खुर्ची चालवणे स्वतःला जमते, हे या निवडीमागील प्रमुख कारण होय.

साध्या उपायांचे महत्त्व

१९७२ साली जॅक लॅपिडिस यांनी ठरावीक वेळाने स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली. ती घरी वापरता येते व मूत्रपिंडांचे रक्षण करते. दबावामुळे होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी नियमित कूस बदलणेही आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात उंचावरून पडणे व रस्ते अपघात ही दुखापतीची मुख्य कारणे आहेत. ग्रामीण भागात झाडावरून पडणेही त्यांत येते. जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पुण्याजवळ खडकी येथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. अपघातात मज्जारज्जूला इजा झालेल्या केतना मेहता यांनी २००१ साली मुंबईत नीना फाउंडेशन स्थापन केले.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे मूल–गडचिरोली मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. येथून जवळच्या गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लोकांशी चर्चा करून संशोधनाचे विषय ठरवण्यावर तिचा भर आहे. याच मार्गाने गावकऱ्यांची कंबरदुखी व पाठदुखी तिच्या अभ्यासाचा विषय झाली आणि शल्यचिकित्सक शेखर भोजराज यांच्या सहभागाने मणक्याच्या विकारांवर उपचार सुरू झाले. हा विषय मज्जारज्जूच्या दुखापतीहून वेगळा असला, तरी अग्रक्रम ठरवण्याचे तत्त्व तेच आहे.