तळटीप : ‘छायाचित्रांचे मासिक’

येथे अभिप्रेत नियतकालिक म्हणजे मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या (स्थापना १८५४, डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सभासद) आश्रयाने विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात काढलेला ‘द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ होय. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन चांदीच्या क्षाराने प्रकाशसंवेदी केलेल्या कागदावर, म्हणजेच अल्ब्युमेन कागदावर, उन्हात उतरवलेली अस्सल छायाचित्रे त्याच्या प्रत्येक प्रतीत चिकटवलेली असत, आणि त्याचे खरे मोल यातच आहे. छायाचित्रण ही ललितकला आहे असा आग्रह धरणारे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९०३ मध्ये निघाले.