बंदुकीची खीळ

साताऱ्याहून कऱ्हाडास जातांना, तारळी जेथें कृष्णेस मिळते तेथें, उंब्रज गांव लागतें. मराठेशाहींत या मुलखांत तोड्याची बंदूक चाले. चाप ओढला कीं जळता तोडा झुकून बंदुकीच्या कानांतील रंजक पेटवी. पुढें गारेची चकमक आली, मग केपावर आपटणारा घोडा आला. पण चाप व घोडा यांस जागीं धरणारी खीळ लहानशीच राहिली. ती झिजली तर घोडा अवेळीं सुटे. म्हणून नवा चाप बसविणें हें जोखमीचें काम असे.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून हत्यार घडविणें, त्यांत फेरफार करणें व विकणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सवलती मिळाल्या. हत्यार बाळगणाऱ्याप्रमाणेंच तें घडविणारा कारागीरहि संशयित झाला. १९४३ ते १९४६ पर्यंत याच जिल्ह्यांत नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें हा कायदा झुगारून हत्यारें बाळगलीं.

स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदाहि बंदूक दुरुस्त करणाऱ्यास परवाना मागतो. परंतु तो सर्वांच्या सुरक्षिततेसाठीं आहे. पहिला राज्यकर्त्यांच्या भयांतून जन्मला होता. खीळ तीच असली, तरी ती कोणी व कशासाठीं ठोकली, हेंच इतिहास विचारतो.