दहावा माणूस

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भिवंडीच्या बाजारातून हिंडावे आणि कान उघडे ठेवावेत. पणत्या, रांगोळी, उटणे यांच्या बरोबरीने एक शब्द सारखा कानी पडतो : बोनस. ज्याच्या हाती तो पडला तो दुकानापुढे उभा राहून घासाघीस करतो. ज्याच्या हाती पडला नाही तो मुलाचे बोट धरून भरभर पुढे निघून जातो. हा भेद कोठून आला हे शोधू लागले, की वाट एका आकड्यापाशी येऊन थांबते. तो आकडा म्हणजे दहा.

या दहाची कथा मात्र शंभरापासून सुरू होते. हिंदुस्थानातला पहिला कारखाना-कायदा १८८१ सालचा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढे त्याने मालकांना बजावले. वाचकहो, सात वर्षे! आमच्या दुसरीच्या वर्गात बसते ते वय. मोठ्या माणसांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती. या कायद्यासाठी विलायतेत जी ओरड झाली तीत भूतदया होती, तसा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा पोटशूळही होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांच्या डोळ्यांत खुपत होते.

मजुराची बाजू मजुराच्या तोंडून मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचा जन्म ठाण्याचा, म्हणजे आमच्या शेजारचाच माणूस. ज्योतीरावांचे अनुयायी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज रविवारी आपण उशिरापर्यंत लोळतो, त्या अंथरुणाचा एक कोपरा लोखंड्यांच्या नावचा आहे!

त्यानंतर कायद्याचे जाळे बारीक होत गेले. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले, १९२२ साली वीस झाले. पुढे १९४८ चा कायदा आला, तो १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. वीज असेल तर दहा माणसे, नसेल तर वीस, म्हणजे कारखाना. कारखाना ठरला की यंत्राला कठडा, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, भरपगारी रजा. आणि १९६५ नंतर बोनसही.

आता भिवंडीकडे वळू. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग बसवले. वीज आल्यावर त्यांचे यंत्रमाग झाले. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, गिरण्यांची धडधड थांबली, आणि आमच्या गल्ल्यांतली वाढली. एका छपराखाली दोन-तीन डझन माग. पण छपराखाली मध्येच एक भिंत! भिंतीच्या अलीकडचा कारखाना मालकाचा, पलीकडचा त्याच्या भावाचा. विजेची मीटरे दोन, हजेरीपट दोन, आणि प्रत्येकावर नावे नऊ. दहावा माणूस कोठेच नाही.

मालकांना सरसकट दुष्ट ठरवणाऱ्यांतला मी नाही. पुष्कळांचे सूतही स्वतःचे नसते. व्यापाऱ्याचे सूत, मीटरवर मजुरी, वर विजेचे बिल. त्यांचाही हिशेब पैशापैशाचा असतो. आणि कायद्याला ही भिंत दिसली नव्हती असेही नाही. त्याच कायद्याच्या ८५ व्या कलमाने दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही तो लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. असो.

येथे माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची दोन बोटे मागात गेली. मालकाने औषधपाणी केले, वर थोडे पैसे दिले, आणि एक कागद करून हवा म्हणाला. मास्तर म्हणून मला बोलावले. मजकूर त्याचा, अक्षर माझे : “स्वखुशीने रक्कम घेतली, पुढे काही मागणार नाही.” वडिलांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मुलगा दारात उभा राहून माझे वळणदार अक्षर पाहत होता.

नऊ माणसांचा कारखाना, म्हणजे कायदा नाही, अशी माझीही समजूत होती. पुढे केव्हातरी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा वाचनात आला. विजेवर चालणाऱ्या कारखान्यातल्या जखमेला तेथे दहाची अट नव्हती! आणि १७ वे कलम तर सांगत होते, की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल. माझा तो कागद लिहिला तेव्हाच फुकट होता. पण दावा करण्याची दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती, आणि ते कुटुंब गावी निघून गेले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. १९२३ ची भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. विजेच्या कारखान्याचा आकडा दहावरून पुन्हा वीसवर गेला, म्हणजे १९२२ सालच्या पायरीवर. बोनसलाही आता वीसच माणसे लागतात.

परवा एका गल्लीतून जाताना आतून पहारीचे घाव ऐकू आले. डोकावून पाहिले, तर गवंडी मधली भिंत पाडत होता. ओळखीचे मालक हसून म्हणाले, “मास्तर, आता एकोणीसपर्यंत चालते. मग भिंत कशाला?”