शाळेच्या कारभारात मत कोणाचे?
नगरसेवकांच्या हातून पालकांच्या हाती आलेली, तरीही दुर्लक्षित राहिलेली निवडणूक

सोलापूर महापालिकेच्या प्राथमिक शाळांचा कारभार जेथून चालतो त्या कार्यालयाला शहरात आजही ‘शिक्षण मंडळ’ असेच म्हटले जाते. तेथील प्रमुखाचे ‘प्रशासनाधिकारी’ हे पदनामही लोकांच्या तोंडी कायम आहे. ज्या निवडून आलेल्या मंडळामुळे ही नावे रूढ झाली, ते मंडळ मात्र इतिहासजमा झाले आहे. सभापतिपदाची चुरस, सदस्यत्वासाठी पक्षनेत्यांच्या घरी घातलेल्या येरझाऱ्या, महापालिका सभागृहातील मतदान हे सारे संपले. त्याच्या जागी दुसरी एक निवडणूक आली. ती प्रत्येक शाळेत होते, तिचे मतदार त्या शाळेतील मुलांचे आई-वडील असतात आणि तिची बातमी क्वचितच होते.

शाळांचा कारभार स्थानिक प्रतिनिधींकडे असावा, ही कल्पना मुंबई इलाख्यात जुनी आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून १९१८ मध्ये झालेल्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांची व्यवस्था स्थानिक संस्थांकडे सोपवली आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द गावोगावी पोहोचला. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ ने या मंडळांना पुढील कित्येक दशके टिकलेला आकार दिला. ग्रामीण भागासाठी जिल्हा शाळा मंडळे आणि मोठ्या नगरपालिकांसाठी नगरपालिका शाळा मंडळे अशी ती रचना होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा जिल्हा मंडळांचे काम परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेले. शहरांतील मंडळे तशीच राहिली. १ मे १९६४ रोजी सोलापूर नगरपालिकेची महापालिका झाली, तरी शाळांसाठी स्वतंत्र मंडळाची पद्धत चालूच राहिली.

या मंडळाचे वैशिष्ट्य त्याच्या मतदारसंघात होते. शहरातील सामान्य नागरिकाला मंडळाच्या निवडणुकीत मत नव्हते. मत होते ते नगरसेवकांना. सदस्य होण्यासाठी नगरसेवक असणे आवश्यक नसल्याने बाहेरची व्यक्तीही निवडून येऊ शकत असे. शिक्षणाची जाण असलेल्या नागरिकांना कारभारात स्थान मिळावे, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात राज्यातील बहुतेक महापालिकांत ही तरतूद महापालिकेचे तिकीट न मिळालेल्या किंवा पराभूत झालेल्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून वापरली गेली. कोणत्या पक्षाचे किती नगरसेवक, यावरून कोणाचे किती सदस्य हे मतदानापूर्वीच ठरत असे. उमेदवाराचा प्रचार मतदारांच्या दारी होण्याऐवजी नेत्याच्या बैठकीत होई. एखाद-दुसरी जागा फुटलेल्या मतांवर हलली, तर तेवढीच काय ती रंगत.

मंडळांकडे शिक्षकांच्या बदल्या होत्या, आणि गणवेश, दप्तरे, बाके, स्वेटर यांची खरेदी होती. तक्रारींचा मोठा भाग याच दोन बाबींभोवती फिरत राहिला. मंडळाने एखाद्या शाळेत वाचनाची पातळी वाढवली म्हणून सभापतीचे नाव झाले, असे उदाहरण शोधावे लागेल. खरेदीवरून नाव झालेले सभापती मात्र पुष्कळ आढळतील. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यानंतर २०१३ मध्ये राज्य शासनाने ही मंडळे मोडीत काढण्याचा मार्ग स्वीकारला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथे मुदत पूर्ण करण्याच्या आग्रहामुळे ती २०१७ पर्यंत तग धरून राहिली. मुंबईची गोष्ट वेगळी. तेथील शिक्षण समिती १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याखालील असल्याने तिला या बदलाची झळ लागली नाही.

शाळेचे हजेरीपत्रक हीच मतदार यादी

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने कारभाराचे एकक बदलले. शहराला एक मंडळ याऐवजी प्रत्येक शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती आली. कायद्याचे एकविसावे कलम याविषयी आहे. महाराष्ट्रात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने या समित्यांची रचना निश्चित झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्याचे नियम आले. महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांना तसेच अनुदानित खासगी शाळांना समिती स्थापणे बंधनकारक आहे. अनुदानित अल्पसंख्याक शाळांतील समिती, २०१२ च्या दुरुस्तीनुसार, केवळ सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित शाळा यातून वगळलेल्या आहेत.

समितीत १२ ते १६ सदस्य असतात. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असून त्यांची गणना या संख्येत होत नाही. सदस्यांपैकी किमान ७५ टक्के शाळेतील मुलांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. म्हणजे १६ जणांच्या समितीत किमान १२ पालक आणि ८ महिला. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. उरलेल्या जागा स्थानिक संस्थेचा लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेला स्थानिक नागरिक यांच्यासाठी असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालक सदस्यांमधूनच निवडावे लागतात. नगरसेवक समितीत आला तरी अध्यक्ष होऊ शकत नाही. दर दोन वर्षांनी समितीची फेररचना होते.

या निवडणुकीला राज्य निवडणूक आयोग नाही, अनामत रक्कम नाही, चिन्ह नाही, आचारसंहिताही नाही. शाळेत ज्याचे मूल आहे तो मतदार आणि तोच उमेदवार. मुख्याध्यापक पालक सभेची सूचना मुलांच्या हाती घरी पाठवतात. सभेत कोणी नाव सुचवतो, कोणी अनुमोदन देतो. जागांपेक्षा नावे अधिक झाली तर हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून निकाल लागतो. बहुतेक ठिकाणी ती वेळ येत नाही, कारण जागा भरण्याइतकी नावे मिळवणे हीच मुख्याध्यापकांपुढील अडचण असते. अशा वेळी शाळेजवळ राहणारे, बोलावल्यावर येणारे आणि फार प्रश्न न विचारणारे पालक निवडले जातात. कागदोपत्री ती ‘एकमताने निवड’ असते.

सोलापुरात या अडचणीला आणखी एक पदर आहे. महापालिकेच्या शाळांत मुले येतात ती मुख्यतः यंत्रमाग कामगार, विडी कामगार, हमाल, घरकाम करणाऱ्या महिला यांच्या घरांतून. विडीची मजुरी हजारावर ठरते. सकाळी अकराच्या सभेला आलेल्या आईच्या त्या दिवशीच्या विड्या तितक्या कमी होतात आणि कारखान्यात माल देण्याची वेळ चुकते. कारखान्यात पाळीवर असलेल्या वडिलांचीही तीच गत. महिलांसाठी निम्म्या जागा राखण्याचा नियम चांगला आहे, पण सभेची वेळ तो नियम ठरवत नाही. वेळ मुख्याध्यापक ठरवतात. संध्याकाळी किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी बोलावलेल्या सभेला वेगळे लोक येतात, आणि त्यामुळे समितीही वेगळी होते.

भाषेचा प्रश्नही याच सभेत येतो. सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या आहेत. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली समाजाची वस्ती मोठी आहे, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पटसंख्या घटली की शाळा एकत्र करण्याचा, वर्ग बंद करण्याचा किंवा सेमी-इंग्रजी सुरू करण्याचा विषय निघतो. समितीला हा निर्णय स्वतः घेता येत नाही, परंतु शाळा विकास आराखडा तीच तयार करते आणि तिच्या ठरावाची नोंद घ्यावी लागते. शाळा वाचवायची की मूल दुसरीकडे न्यायचे, हा पेच असलेल्या पालकासाठी ही जागा शोभेची राहत नाही.

गावातील चित्र वेगळे आहे. सोलापूर जिल्हा परिषदेच्या अडीच हजारांहून अधिक प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी अध्यक्षपदासाठी खरीखुरी चुरस होते. ग्रामपंचायतीतील दोन गट शाळेच्या अंगणात समोरासमोर येतात. भावकी मोजली जाते, आदल्या रात्री घरोघरी निरोप जातात. कारण सोपे आहे. समितीचे बँक खाते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते. शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख रुपये अशी ती मर्यादा आहे. अगदी छोट्या शाळांना त्याहून कमी मिळते. रक्कम मोठी नाही. पण गावात सहीला किंमत असते, आणि पोषण आहाराचा स्वयंपाक कोणाकडे द्यायचा या चर्चेतही अध्यक्षाचा शब्द चालतो. चुरशीत भांडणे होतात हे खरे, परंतु चुरस असलेल्या गावात हिशेबाची वही निदान कोणीतरी मागतो.

निवडून आल्यावर पहिली अडचण मुदतीची येते. चौथीपर्यंतच्या शाळेत मूल तिसरीत असताना अध्यक्ष झालेल्या पालकाला काम समजेपर्यंत मूल शाळा सोडून जाते आणि त्यासोबत सदस्यत्वही. त्यामुळे पहिली-दुसरीच्या पालकांनी पुढे येणे कारभाराच्या दृष्टीने उपयोगाचे ठरते. समितीची बैठक दरमहा व्हावी असे अपेक्षित आहे. शाळेतील हजेरी, शाळाबाह्य मुले, आहार, अनुदानाचा विनियोग या सर्वांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार तिला कायद्याने दिलेला आहे. इतिवृत्त पाहायला मागणे, खर्चाची पावती मागणे यासाठी वेगळ्या परवानगीची आवश्यकता नसते.

सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. जिल्हा परिषदेचेही त्याच महिन्यात तेच झाले. महापालिकेसाठी पुन्हा मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहरात नगरसेवक नव्हते, म्हणून समितीतील लोकप्रतिनिधीची जागा भरण्यासाठीही कोणी नव्हते. जुने मंडळ टिकले असते तर त्याला निवडून देणारे मतदारच उरले नसते. त्या काळात महापालिका शाळेच्या दारात मताने आलेले कोणी असेल, तर ते समितीतील पालक आणि शिक्षक होते.

शिक्षणाशी संबंधित म्हणून सोलापुरात सर्वाधिक गाजावाजा होतो तो विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाचा. पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे त्यात येतात. डिसेंबर २०२० मध्ये तेथून काँग्रेसचे जयंत आसगावकर निवडून आले. मेळावे, संघटनांचे पाठिंबे, पसंतीक्रमाची गणिते असा सारा थाट त्या निवडणुकीला असतो. मात्र मत माध्यमिक व त्यावरील स्तराच्या शिक्षकांनाच आहे. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक त्यात मतदार नाही, मग पालकाचा प्रश्नच नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्डाचे सदस्य नागरिकांच्या थेट मतांनी निवडले जातात. तेथे उमेदवार फलक लावतो, निधी जमवतो, शाळेसाठीच्या करावर भूमिका घेतो. ब्रिटनमधील इंग्लंडात शाळेच्या नियामक मंडळावर पालकांनी निवडलेले पालक प्रतिनिधी असतात. आपली समिती या दुसऱ्या पद्धतीच्या जवळची आहे.

ज्यांची मुले विनाअनुदानित खासगी शाळेत आहेत, त्या शहरी पालकांसाठी नियम निराळा. तेथे शुल्क विनियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि शाळेचा शुल्कवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. तिच्यातील पालक मतदानाने निवडले जात नाहीत. इच्छुकांची नावे घेऊन सोडत काढली जाते. त्यामुळे तेथे प्रचाराचा प्रश्न उद्भवत नाही; इच्छुकांच्या यादीत वेळेवर नाव देणे एवढेच पालकाच्या हाती असते. शैक्षणिक वर्ष सुरू होताच ही प्रक्रिया पार पाडायची असल्याने, जूनमध्ये शाळेकडून आलेल्या सूचना वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर बाजूला पडल्या तर ती संधी त्या वर्षापुरती जाते.