आबांचा आवाज

आमच्या माणदेशातल्या घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही; मग पोरगं मिसरूड फुटलं की त्याला मामाच्या नाहीतर चुलत्याच्या मागं मुंबईला लावून द्यायचं. आबा असेच गेले आणि डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत चिकटले. महिन्याला मनीऑर्डर यायची. वर्षातून दोनदा, यात्रेला आणि दिवाळीला, आबा स्वतः यायचे.

आबा आले की घर दबून असायचं. ते बोलायचेच मोठ्यानं. "पाणी आण" म्हणाले तरी शेजारच्या आळीत ऐकू जायचं. आईनं हळू काही सांगितलं तर "काय? काय म्हनतीस?" असं ओरडायचे. आई म्हणायची, मुंबईचं पाणी लागलंय, सायेब झाल्यात. मी तर त्यांच्या समोर जायचंच टाळायचो.

१९७८ च्या दिवाळीत अक्काला पाहायला पाहुणे आले. मुलाचा बाप हळू बोलणारा, भजनी माणूस. त्यांनी देण्याघेण्याचं काही विचारलं. आबांनी भलतंच उत्तर दिलं, तेही अंगावर गेल्यासारखं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. चार दिवसांनी निरोप आला, 'पोरगी चांगली हाय, पर बाप लई तापट.' आबा सुट्टी संपवून गेले, पण आई त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही. यात्रेला आबा आलेच नाहीत.

मे १९७९ मध्ये, आठवीची परीक्षा झाल्यावर, आईनं मला गावच्या एका माणसाबरोबर मुंबईला धाडलं. बघून ये, कसं राहत्यात ते, एवढंच म्हणाली.

माझ्या डोक्यात आबांची 'खोली' म्हणजे पलंग, पंखा, खुर्ची असं काहीतरी होतं. वर्गात मी तसं सांगूनही ठेवलेलं. प्रत्यक्षात ती बीडीडी चाळीतली खोली होती, दहा बाय सोळाची. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथं अशा दोनशे सात चाळी बांधल्या. त्यातल्या त्या एका खोलीत आमच्या गावची चोवीस माणसं राहत होती. याला गाळा म्हणत. भिंतीला ओळीनं खुंट्या, खुंटीखाली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. ज्याची खुंटी त्याची तेवढी मुंबई. पहिल्या पाळीचे सकाळी सातच्या भोंग्याला गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे व्हायचे. जागा कधी थंड पडायची नाही.

आमच्या गावात चौदा एकरवाल्याचा पोरगा आणि कोरडवाहू दीड एकरवाल्याचा पोरगा तिथं शेजारी शेजारी खुंटीला होते. गाळ्याचा हिशेब एका वहीत. नवा पोरगा आला की त्याला बदलीचं काम मिळेपर्यंत गाळा पोसायचा. बदली म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. जेवण खानावळीत. ती चालवणारी मावशी मालवणकडची, नवराही गिरणीतच. तिनं मला पहिल्या दिवशी पैसे न घेता जेवायला घातलं.

मी हे सगळं बघत होतो, पण चमत्कारिक वाटलं ते दुसरंच. गाळ्यात निम्मी माणसं आबांसारखीच ओरडून बोलत होती. भांडण नाही, राग नाही. "मीठ दे" म्हणतानासुद्धा. आणि आबा इथं हसत होते. आबांना हसताना मी घरी फारसं पाहिलं नव्हतं. समोरचा काय म्हणतो ते आबा त्याच्या ओठांकडं बघून ओळखत.

गाळ्यातले एक तात्या सूतखात्यात होते. ते जरा हळू बोलायचे. त्यांना मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "आरं, तुजा बा साचाखात्यात हाय. शेकड्यानं साचं एकदम खडखडत्यात. शेजारच्याशी बोलायचं तर हातवारं करायचं नायतर कानात वरडायचं. इतकी वर्सं झाल्यावर कान ऱ्हातोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर गिरणीच्या दारापर्यंत गेलो. आबा आत गेले. मी बाहेर भिंतीला हात लावून उभा राहिलो. भिंत बारीक थरथरत होती.

रविवारी आबांनी मला राणीची बाग दाखवली. परतताना तात्यांनी सांगितलं की पूर्वी ही रविवारची सुट्टीच नव्हती. खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून आठवड्याची सुट्टी मिळाली. शाळेच्या इतिहासात राजे-महाराजे भरपूर वाचले होते. हे नाव मी तिथं, डिलाईल रोडच्या फुटपाथावर, पहिल्यांदा ऐकलं. पुढं इतिहास हा विषय घेतला त्याचं मूळ त्या फुटपाथावर आहे, हे माझ्या प्राध्यापकांना मी कधी सांगितलं नाही.

गावी आल्यावर आईला सांगितलं. ती चुलीपुढं होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी पाव्हन्यांनी काय इचारलं, ते त्यास्नी ऐकूच आलं नसंल." अक्काचं त्या घरी जमायचं ते गेलंच होतं. दोन वर्षांनी दुसरीकडं झालं. त्या बैठकीत आई आबांच्या शेजारी बसली आणि पाहुण्यांचं बोलणं खुणेनं त्यांना सांगत राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांत मिटंल म्हणत आबा ट्रंक घेऊन गावी आले. संप मागं घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, आणि आबांची गिरणीही त्यांना परत दिसली नाही. गाळ्यातल्यांनी त्यांची खुंटी तीन वर्षं मोकळी ठेवली होती.

आबा गावी शेळ्या राखू लागले. ओसरी चांगली ऐसपैस, तरी झोपायचे भिंतीला चिकटून, अंग चोरून. गावात नवी माणसं म्हणायची, म्हातारा फार ओरडतो. आमच्या घरात सूनवाशी आली की आई तिला पहिल्याच दिवशी सांगायची, "मामंजींशी बोलायचं तर म्होरं उभं ऱ्हायाचं. डोईवरचा पदर तोंडावर आनू नगंस, त्यास्नी व्हट दिसाय पायजेत."